कडू बोट

एकोणिसाव्या पानावर माझं बोट थांबलं. खरेदीखत सत्तेचाळीस पानांचं होतं. पानं मोजायची आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. डबीतला स्पंज सकाळपासून कोरडा पडला होता, पाणी घालायला उठायचा मी कंटाळा केला आणि बोट जिभेला लावलं. जीभ एकदम आखडली. घशाच्या तळापर्यंत कडू उतरलं. आधी वाटलं शाई असेल, डिंक असेल, या कचेरीत हाताला काय काय लागतं. पण ही चव ओळखीची होती. पाच दिवसांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मी ती हौसेने चाखली होती, मग थू थू करत नळाखाली तोंड धरलं होतं आणि सासूबाई शालीचं टोक तोंडाला लावून हसल्या होत्या. कोरफड. मी बोट डोळ्यांसमोर धरलं. नखाच्या आत केसाएवढी पिवळी रेघ होती. “काय गं दिग्ना, पान कमी भरतंय का?” समोरच्या टेबलावरून अल्मेइदांनी विचारलं. सगळी हयात त्यांनी या नोटरीकडे काढली आहे. “नाही.” “मग तोंड असं का? साहेबांची सही चाटलीस की काय?” मी हसले असेन. हसायची सवय असते. आणि हसता हसताच मला दिसलं की आज सकाळी साडेसहा वाजता हेच बोट मी माझ्या पोराच्या, एफ्राइनच्या तोंडात घातलं होतं.

आमच्या घरात पोराला पहिला दात दिसेपर्यंत तोंडाला चमचा लावत नाहीत. सासूबाईंच्या गावचा नेम आहे, डोंगरापलीकडचा. हिरड्यांना धातू लागला तर दात वाकडे येतात म्हणे. मी किटो शहरात वाढलेली, मला हे काही पटत नव्हतं, पण सातूच्या पिठाची पेज बोटावर घेऊन पोराला चाटवताना त्याच्या तोंडाची ऊब बोटाला लागते, ती मला आवडायला लागली होती, म्हणून मी वाद घातला नाही. नऊ महिन्यांचा झाला तरी त्याला दात नव्हता. रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी मी त्याला मांडीवर घेऊन चार बोटं पेज चाटवायचे. या पाच दिवसांत तो ती घेईनासा झाला होता. पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी माझा हात जवळ येताना बघूनच ओठ मिटले. काल तर मी वाटी हातात घेतली तेव्हाच त्याने मान सासूबाईंच्या खांद्यात खुपसली. लाळ गळत होती, लाळेरं ओलंचिंब, गाल लाल, चार दिवसांपासून पोटही जात होतं. “दात येतायत,” सासूबाई म्हणाल्या. “दात येताना पोट जातंच. विल्मेरचं महिनाभर गेलं होतं.” विल्मेर म्हणजे माझा नवरा. शेजारची रेबेका म्हणाली, हिरड्या शिवशिवतात, बोटाने चोळून दे, आराम पडेल. मी चोळून देत होते. रोज संध्याकाळी, घरी आल्या आल्या, चांगलं दाबून, वरून आणि खालून. तो किंचाळायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याच्या हिरड्या किती दुखतायत.

मी हात धुवत नव्हते असं नाही. दोनदा धुवायचे. पण कसे धुवायचे ते सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी अर्धं कानाआड केलं होतं. छातीला कोरफड कापसाने लाव, हात लावू नको, आणि नंतर डुकराची चरबी चोळून मिठाने धू, नुसत्या पाण्याने तो रस जात नाही. चरबी चोळून कचेरीत कशी जाणार? हाताला वास राहतो. नोटरीकडे येणारी माणसं चांगल्या घरची, ती कागद हातात घेतात तेव्हा माझी बोटं बघतात. म्हणून मी साबणाने धुतले. आणि कापूस पहिल्या दिवशीच संपला, तेव्हा दाराच्या मागे लाल फितीने उलटी टांगलेल्या त्या कोरफडीचं पान मोडून मी बोटानेच लावत राहिले, घाईघाईने, ब्लाउजची बटणं लावता लावता. घरात बरकत राहावी म्हणून ते झाड तिथे टांगलेलं आहे.

“मी जाते,” मी अल्मेइदांना म्हणाले. “पोराला बरं नाही.” “फोन आला?” “नाही.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग माझी सत्तेचाळीस पानं स्वतःकडे ओढली. “जा. साहेबांना मी सांगतो. आणि पाणी पी आधी, ओठ पांढरे पडलेत तुझे.” मी पाणी प्यायले नाही. तोंडातलं कडू धुवून टाकायची मला लाज वाटली. बसमध्ये उभी राहिले, उजवा हात कोटाच्या खिशात घालून, डाव्याने दांडी धरून. दक्षिणेकडे जाणारी बस दुपारी रिकामी असते, बसायला जागा होती, पण बसवेना. खिशात तो हात मला परका वाटत होता. पाच दिवस तो माझ्या घरात माझ्या पोराशी काय करत होता हे मला माहीतच नव्हतं.

दूध तोडायचं मीच ठरवलं होतं. सासूबाईंनी नाही. हे मला स्वतःशी नीट म्हणायला हवं होतं, कारण गेले पाच दिवस मी मनातल्या मनात सगळं त्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. त्या तर म्हणाल्या होत्या, वर्षाचा होऊ दे. कामावर परत जाऊन मला तीन आठवडे झाले होते. एका शेताच्या वाटणीचा कागद होता, दोन भाऊ समोरासमोर बसलेले, एकमेकांकडे न बघणारे, आणि नोटरीसाहेबांनी मला मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचत होते. उत्तरेकडची हद्द ओढा, पूर्वेकडची हद्द वारसांची जमीन. तेवढ्यात रस्त्यावर कुणाचं तरी मूल रडलं. माझं नव्हे, कुणाचं तरी. आणि माझा ब्लाउज ओला झाला. दोन मोठे डाग, करड्या कापडावर काळे, वाढत जाणारे. धाकट्या भावाने नजर खाली घातली. थोरल्याने घातली नाही. नोटरीसाहेबांनी एक जाडी फाइल उचलून माझ्या हातात दिली, छातीशी धरायला. त्यांचा चांगुलपणाच तो. मी फाइल छातीशी धरून पश्चिमेची हद्द वाचली, दक्षिणेची हद्द वाचली, आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंना म्हणाले, आई, मला हे बंद करायचंय.

बंद झालं, ते कसं झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी मी रस लावून पलंगावर बसले. एफ्राइन रांगत आला, माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला, नेहमीसारखा ब्लाउज ओढायला लागला. तोंड लावलं आणि मागे झाला. चेहरा सगळा आवळला, जीभ बाहेर, ओठांवरून लाळ. रडला नाही. पुन्हा आला. पुन्हा मागे झाला. मग दुसरीकडे आला, बहुतेक तिथे बरं असेल असं वाटून. तीनदा आला तो. चौथ्यांदा आला नाही. जमिनीवर बसून पलंगाच्या पायाचा रंग नखाने खरवडत राहिला. मला तेव्हा रडू आलं नाही. उलट आपण एक अवघड काम नीट पार पाडल्यासारखं वाटलं. सोमवारी कचेरीत ब्लाउज कोरडा राहिला. छाती दगडासारखी ठणकत होती, पण कपडा कोरडा. मंगळवारी मी आरशात उभी राहिले आणि मला बरं वाटलं. माझं शरीर पुन्हा माझं होतं. हे खरं आहे. घरी पोर खात नव्हतं, आणि मला बरं वाटत होतं.

आणि तो खात नव्हता तेव्हा मला काय वाटत होतं? राग येत होता. परवा मी त्याला म्हणाले, मोठ्याने म्हणाले, “सूड घेतोस काय रे माझ्यावर?” नऊ महिन्यांच्या पोराला! सासूबाई दुपारी त्याला आपल्या बोटाने भोपळा चाटवायच्या आणि मी आले की सांगायच्या, “आज माझ्याकडून घेतलं थोडं.” मला तो टोमणा वाटायचा. कधी वाटायचं माझं मन राखायला खोटं सांगतायत. तो त्यांच्याकडून घेतो आणि माझ्याकडून घेत नाही, यात दोन हातांचा फरक आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी नात्यांचा हिशेब मांडत बसले. काल त्यांनी त्याची दृष्ट काढली, अंगावरून कच्चं अंडं फिरवून पेल्यात फोडलं, पांढऱ्यात बुडबुडे आले. “कुणाची तरी जबर नजर लागलीये गं,” त्या म्हणाल्या. मी शेजारीच उभी होते आणि मनात नावं शोधत होते, रेबेकाची, रेबेकाच्या बहिणीची.

आमच्या सोलांदा वस्तीत उतरले तेव्हा वर डोंगरावर ढग बसले होते आणि गार वारा सुटला होता. आमच्या दाराला कुलूप. रेबेका जिन्यात कपडे गोळा करत होती. “तुला फोन लागला का गं?” ती म्हणाली. “सासूबाई तुझ्या पोराला घेऊन गेल्या दवाखान्यात. अर्धा तास झाला. मान टाकली होती त्याने, आणि रडताना डोळ्यांतून पाणी येईना.” मी धावले. धावताना उजवा हात अजून खिशातच होता. एक बाई एक हात खिशात घालून धावतेय, लोकांना ते कसं दिसत असेल, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. मन असलं काहीतरी करतं. मग दुसरं आलं, तो मेला तर. ते आलं तसं गेलं नाही.

आरोग्यकेंद्राच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर तो. जिवंत होता. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, पण माझ्याकडे बघितलं त्याने. नर्स त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडत होती आणि ती किती वेळात परत बसते ते बघत होती. वय झालेली, रुंद मनगटांची बाई. “आई कोण, तू? पोट कधीपासून जातंय?” “चार दिवस,” सासूबाईंनी उत्तर दिलं. “दात येतायत त्याला.” नर्सने त्याचा ओठ उचलला. “दात येतायत खरे. वरचे दोन, हिरड्या टच्च सुजल्यात. खाणार कसं पोर! पण दातांनी एवढं पोट जात नाही, मावशी. काही दिलंत का? काढा? मुळी? गोळी?” “काही नाही दिलं,” सासूबाई ठासून म्हणाल्या. “देवाशपथ काही नाही.” त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. आता मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. दोन सेकंद मी गप्प राहिलेसुद्धा. नर्सने कागदावर लिहायला पेन टेकवलं.

“कोरफड,” मी म्हणाले. “दूध तोडायला लावत होते. हाताला राहिली. त्याच हाताने भरवत होते. हिरड्याही त्याच बोटाने चोळल्या, रोज.” मी खिशातून हात काढून तिच्यासमोर धरला, वर्गात छडी खायला धरतात तसा. नर्सने बोट बघितलं, वासही घेतला. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. “तो पिवळा रस जुलाबाचा असतो, पोरी,” ती म्हणाली. “मोठ्या माणसालासुद्धा. पाच दिवस दिलास त्याला थोडा थोडा.” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी एफ्राइनची टोपी नीट केली, जी नीटच होती.

दोन तास आम्ही त्या बाकावर होतो. नर्सने मीठ-साखरेचं पाणी कालवून दिलं आणि स्टीलचा चमचा. “दर मिनिटाला एक. ओकला तर दहा मिनिटं थांबा, मग परत.” सासूबाईंनी चमच्याकडे बघितलं, मग पोराकडे, आणि चमचा त्याच्या तोंडाला लावला. गावचा नेम त्यांनी तिथल्या तिथे मोडला. तो प्यायला. मी हात मांडीखाली दाबून बसले होते आणि मोजत होते, चमचे मोजत होते, कारण मला तेवढंच येतं. साठ झाले तेव्हा त्याने पुढच्या चमच्यासाठी स्वतः तोंड उघडलं. नव्वदच्या पुढे कधीतरी तो रडला आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं. सासूबाईंनी ते अंगठ्याने टिपलं आणि मला दाखवलं. त्या वेळी त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. नर्सने परत तपासलं, वजन केलं. उद्या सकाळी पुन्हा आणा म्हणाली, मधे पाणी घेईनासा झाला तर लगेच या. “आणि त्याला अंगावर घे. अशा पोराचं दूध आत्ता कुणी तोडतं का? दुखणाऱ्या हिरड्यांना तेवढंच सोसवतं. स्वच्छ धुऊन घे. भोपळा, बटाटा, गार करून, पातळ करून. दिलं तर घेईल, नाही घेतलं तर कोंबू नको.” “दूध असेल का अजून?” मी विचारलं. “तो ओढेल तर येईल,” ती म्हणाली.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्याला पलंगावर उशांच्या मधे ठेवलं आणि चुलीवर पाणी तापवलं. मला वाटलं आता बोलतील. विल्मेर शनिवारी ट्रक घेऊन किनाऱ्याकडून येईल, त्याला काय सांगायचं ते ठरवत असतील. त्यांनी चरबीचा डबा काढला, माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि चोळायला लागल्या. एकेक बोट. नखाखाली काडी घालून. मग जाड मीठ. कातडी झोंबत होती. “मला ओरडा ना आई,” मी म्हणाले. “काय ओरडू? कोरफड मीच सुचवली.” “चरबीने हात धू असंही तुम्हीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वास येतो म्हणून.” “येतोच वास,” त्या म्हणाल्या. “विल्मेरला मी मिरची लावली होती. आमच्याकडे मिरचीच लावायचे. दीड वर्षाचा होता, पोटात दुसरं होतं माझ्या. तीन रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला तो. चौथ्या दिवशी शेजारणीला आई म्हणाला. दिवसभर म्हणत होता. सगळे हसले. मीही हसले.” त्यांनी माझे हात गरम पाण्यात बुडवले. “सगळ्या बायका करतात गं. कुणी सांगत नाही एवढंच.” मग स्वतःच माझं बोट उचलून जिभेला लावलं. मी ओढून घेत होते, त्यांनी सोडलं नाही. “गेलं,” त्या म्हणाल्या. “आता छाती धू. साबण नको. नुसतं गरम पाणी, पुष्कळ.”

मी पुष्कळ धुतलं. कातडी लाल होईपर्यंत. मग स्वतःच चाखून बघितलं, जेवढं मान वाकवून बघता येतं तेवढं, आणि तरी खात्री वाटेना. खिडकीतून संध्याकाळचं ऊन पलंगावर आलं होतं. गार केलेला भोपळा त्याने सासूबाईंकडून चार चमचे खाल्ला होता, पाचव्याला हिरडी दुखली असावी, तोंड वाकडं करून कुरकुरला होता. मी त्याला घेतलं. तो ताठ झाला. रडला नाही, ढकललं नाही, फक्त पाठ ताठ. मी ब्लाउज उघडला आणि त्याला तिकडे नेलं नाही. नुसती बसून राहिले. मला त्याला हाक मारायची होती, एफ्रा म्हणायचं होतं, पण या पाच दिवसांत मी त्याला त्याच गोड आवाजात बोलावून ते बोट त्याच्या तोंडात घालत होते, म्हणून गप्प राहिले. किती वेळ गेला कळलं नाही. खाली पाव विकणाऱ्याची गाडी येऊन गेली. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या. मला भीती वाटत होती ती तो उपाशी राहील याची नव्हती आता, चमच्याने तो जगला असता. तो माझ्याशिवाय जगायला शिकला असेल याची भीती होती. आणि ते तर मीच मागितलं होतं, ब्लाउज कोरडा राहावा म्हणून.

मग त्याची पाठ जराशी सैल पडली. मान वळली. तोंड जवळ आणून तो थांबला, आणि जिभेचं टोक बाहेर काढून एकदाच, हलकेच, चाटून बघितलं. चाटून थांबला. जिभेवर काय येतंय ते बघत राहिला, म्हाताऱ्या माणसासारखा. नऊ महिन्यांच्या पोराला हे करावं लागलं. कुणीतरी केव्हातरी शिकवतंच माणसाला हे, जगाने शिकवलं असतं, शाळेने, लोकांनी, पुढे कधीतरी. मी शिकवलं. त्याने परत चाटलं. मग तोंड लावलं आणि ओढलं. आधी काही नव्हतं, मग दुखलं, सुयांसारखं दुखलं, आणि दूध आलं. तो गिळत असल्याचा आवाज येऊ लागला. दारात सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि आत निघून गेल्या.

पूर्वी तोंड लावताच तो डोळे मिटायचा. दोन घोटांत जग विसरायचा, मूठ उघडी पडायची. आज तो पीत होता आणि डोळे उघडे होते. माझ्या तोंडाकडे बघत होता, पापणी न लववता, ओढतानाही आणि गिळतानाही. मिटेल, आता मिटेल, असं म्हणत मी वाट बघितली. एक बाजू संपली, दुसरीकडे घेतलं, तो प्यायला, पोटभर प्यायला, आणि शेवटपर्यंत माझ्यावर लक्ष ठेवून होता.